रुग्णालयातून लागणारा जुलाब : जंतूच्या वाणावरून आजाराची तीव्रता ठरते काय?

प्रस्तावना

बदनावर हे धार जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. पवारांच्या धार संस्थानातील हा एक जुना परगणा. येथील रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आजही रतलामला, धारला किंवा इंदूरला न्यावे लागते. आठ-दहा दिवसांनी रुग्ण बसने किंवा भाड्याच्या जीपने घरी परततो. टाके सुकत आलेले असतात, औषधाच्या गोळ्या सुरू असतात आणि मग एके दिवशी त्याला जुलाब सुरू होतात. घरातील मंडळी म्हणतात, "प्रवासात पाणी बाधले असेल." बहुतेक वेळा ते खरेही असते. पण काही वेळा हा आजार पाण्यातून आलेला नसून रुग्णालयातून आलेला असतो, आणि त्याचा जंतू अगदी वेगळा असतो.

रुग्णसहायक अभ्यासक्रमाच्या वर्गात या विषयावर बोलत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, जंतू एकच, वॉर्ड एकच, मग एक बाई चार दिवसांत बरी होते आणि शेजारच्या खाटेवरची आयसीयूत जाते, असे का?" त्या दिवशी "प्रतिकारशक्ती कमी-जास्त असते" एवढेच उत्तर देऊन मी वेळ निभावून नेली. ते उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते. गेल्या वीस वर्षांत याच प्रश्नावर जगातील संशोधकांमध्ये बराच वाद झाला आहे. आपले विद्यार्थी उद्या ज्या वॉर्डात काम करणार आहेत त्याच्याशी या वादाचा थेट संबंध आहे. म्हणून प्रस्तुत लेखात त्याची ओळख करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

जंतूची ओळख

या जंतूचे नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. २०१६ मध्ये त्याचे वर्गीकरण बदलून 'क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल' असे नाव देण्यात आले. सोयीसाठी आपण त्याला 'डिफिसिल' म्हणू. १९३५ साली हॉल आणि ओटूल या संशोधकांनी तो प्रथम नवजात बालकांच्या विष्ठेत पाहिला. प्रयोगशाळेत तो वाढवणे फार कठीण गेले म्हणून त्याला 'कठीण' या अर्थाचे लॅटिन नाव मिळाले. गंमत अशी की ज्या बालकांत तो सापडला ती धडधाकट होती. आजही अनेक तान्ह्या बाळांच्या आतड्यात हा जंतू असतो आणि त्यांना काहीही होत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण जंतू असणे आणि आजार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यातूनच कळते.

पुढे सुमारे चाळीस वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक घेतलेल्या रुग्णांना जुलाब होतात आणि काहींच्या मोठ्या आतड्यात पिवळसर पापुद्रे धरतात असे दिसून आले. १९७८ मध्ये जॉन बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की यामागे डिफिसिलचे विष आहे.

आजाराची यंत्रणा समजण्यास अवघड नाही. आपल्या मोठ्या आतड्यात असंख्य निरुपद्रवी जिवाणू दाटीने राहतात. त्या दाटीत डिफिसिलला पाय रोवता येत नाही. प्रतिजैविक घेतले की रोगाच्या जंतूंबरोबर हे रहिवासीही मरतात आणि जागा मोकळी होते. डिफिसिल बीजाणूच्या रूपात, म्हणजे टणक कवचात झोपून राहू शकतो. या अवस्थेत त्याच्यावर प्रतिजैविकाचा परिणाम होत नाही. आतड्यात मोकळी जागा मिळाली की तो जागा होतो, वाढतो आणि 'ए' व 'बी' अशी दोन विषे सोडतो. ही विषे आतड्याच्या पेशींचा आतील सांगाडाच मोडतात. पेशी गोल होऊन सुटतात, अस्तर फाटते, पाणी झिरपू लागते. सौम्य रुग्णाला दिवसात तीन-चार पातळ जुलाब होतात. गंभीर रुग्णाचे आतडे फुगते, रक्तदाब उतरतो आणि प्रसंगी मोठे आतडे कापून काढावे लागते.

वाण म्हणजे काय?

स्ट्रेन या शब्दासाठी मी येथे 'वाण' हा शब्द वापरतो. आपल्या माळव्यातील शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. सोयाबीन सर्व सोयाबीनच, पण एक वाण लवकर तयार होतो, दुसरा रोगाला टिकतो. जंतूंचेही तसेच आहे. डिफिसिलचे वाण ओळखण्याची एक प्रचलित पद्धत 'रायबोटायपिंग' ही आहे. जंतूच्या विशिष्ट जनुकांमधील मोकळ्या पट्ट्यांच्या प्रती काढायच्या, त्या जेलवर सरकवायच्या आणि उमटलेल्या रेषांचा नमुना पाहायचा. प्रत्येक नव्या नमुन्याला एक क्रमांक मिळतो. ही क्रमवारी प्रामुख्याने वेल्समधील कार्डिफच्या प्रयोगशाळेने लावली. म्हणजे '०२७' या क्रमांकात स्वतःचा काही अर्थ नाही. तो शाळेच्या हजेरीपटावरील क्रमांकासारखा आहे. हजेरीपटावरून मुलगा हुशार की खोडकर हे कळत नाही, हे आपण शिक्षक जाणतोच.

तरीही '०२७' हा क्रमांक जगभर बदनाम झाला.

क्वेबेकचा हाहाकार

२००२ नंतर कॅनडातील क्वेबेक प्रांतात रुग्णालयांतील जुलाब अचानक वाढले, आणि मुख्य म्हणजे लोक मरू लागले. शेरब्रुक शहराच्या परिसरात दर लाख लोकसंख्येमागे १९९१ मध्ये सुमारे ३६ रुग्ण आढळत होते, ते २००३ मध्ये १५६ झाले. पासष्ट वर्षांवरील लोकांमध्ये हेच प्रमाण १०२ वरून ८६६ वर गेले. २००४ मध्ये क्वेबेकमधील बारा रुग्णालयांत पाहणी झाली. तीत १,७१९ वेळा हा आजार नोंदला गेला आणि तीस दिवसांत केवळ या आजारामुळे मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण ६.९ टक्के निघाले. ज्या रुग्णांचे जंतू तपासता आले त्यांपैकी ८२ टक्क्यांमध्ये एकच वाण होता. तोच हा ०२७.

इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल रुग्णालयात २००३ ते २००५ या काळात दोन साथी झाल्या. ३३४ रुग्ण, आणि किमान ३३ मृत्यू या आजाराने झाले असे सरकारी चौकशी अहवालाने २००६ मध्ये नोंदविले. तेथेही हाच वाण होता.

२००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत एक निबंध प्रसिद्ध झाला. परीक्षानळीत हा वाण इतर वाणांपेक्षा सोळा पट 'ए' विष आणि तेवीस पट 'बी' विष तयार करतो असे त्यात दाखविले होते. विषनिर्मितीला लगाम घालणाऱ्या एका जनुकात त्याच्यात तूट आहे, तो तिसरे एक विषही बनवतो आणि फ्लुओरोक्विनोलोन गटातील औषधांना तो जुमानत नाही, हेही समोर आले. आरोपी सापडला, हत्यार सापडले, प्रकरण संपले असे अनेकांना वाटले. वृत्तपत्रांनी त्याला 'महाजंतू' ठरविले.

शंका कोठे उत्पन्न झाली?

विज्ञानात असे प्रकरण इतक्या लवकर संपत नाही. पुढे त्या लगामाच्या जनुकाबाबतच शंका निघाल्या. २०१२ मध्ये ते जनुक काटेकोरपणे बदलून केलेल्या प्रयोगात विषाच्या प्रमाणात अपेक्षित फरक दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या रुग्णालयातील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आयसीयूत जावे लागणे, शस्त्रक्रिया होणे किंवा मृत्यू येणे याला त्यांनी 'गंभीर आजार' धरले. वरवर पाहता ०२७ आणि गंभीर आजार यांचा संबंध दिसत होता. पण रुग्णांमधील इतर फरक हिशेबात घेताच तो संबंध नाहीसा झाला. मागे उरल्या त्या दोन साध्या रक्ततपासण्या: पांढऱ्या पेशींची संख्या आणि अल्ब्युमिन. ज्याच्या पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या आणि अल्ब्युमिन उतरलेले, तो रुग्ण धोक्यात. वाण कोणताही असो.

'इतर फरक हिशेबात घेणे' म्हणजे काय, हे वर्गात समजावताना मी निकालाचे उदाहरण देतो. एका महाविद्यालयाचा निकाल ९० टक्के, दुसऱ्याचा ६०. पहिले चांगले, असे आपण म्हणणार. पण पहिल्याने दहावीला ८० टक्क्यांखालील कोणालाही प्रवेशच दिला नसेल तर? सारख्या गुणांच्या विद्यार्थ्यांची तुलना केली तर कदाचित दोन्ही महाविद्यालये सारखीच निघतील. ०२७ हा वाण ज्यांना गाठत होता ते बहुधा वृद्ध, आधीच आजारी आणि बरीच प्रतिजैविके घेतलेले रुग्ण होते. मग मृत्यू वाणामुळे आला की वार्धक्यामुळे?

हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. मलाही काही काळ तो पूर्ण पटला होता. पण २०१३ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर भागाचा अभ्यास आला आणि चित्र पुन्हा पालटले.

ऑक्सफर्डचा अभ्यास

येथे २००६ ते २०११ या काळातील १,८९३ रुग्णांच्या जंतूंचे जनुकीय वाण ठरविले गेले आणि चौदा दिवसांतील मृत्यू मोजले गेले. डिफिसिलच्या कुळाच्या काही मोठ्या शाखा आहेत. पहिल्या शाखेतील वाणांनी आजारी पडलेल्यांपैकी १२ टक्के मरण पावले. ०२७ ज्या दुसऱ्या शाखेत येतो तिच्यात २० टक्के. आणि ज्याची फारशी चर्चा नव्हती त्या ०७८ या वाणाच्या पाचव्या शाखेत २५ टक्के, अर्थात त्या शाखेचे रुग्ण केवळ ६३ होते. वय वगैरे हिशेबात घेऊनही हा फरक टिकला. उलट पहिल्याच शाखेतील ०१५ या वाणाच्या ८४ रुग्णांपैकी तिघेच दगावले. याचा अर्थ वाणावाणांत फरक आहे.

मग मिशिगनचे संशोधक चुकले का? माझ्या मते तसे म्हणणे घाईचे होईल. ऑक्सफर्डच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली. वाणानुसार रुग्णांच्या रक्तातील खुणाही बदलत होत्या. लढाऊ पांढऱ्या पेशींची सरासरी पाचव्या शाखेत सर्वांत जास्त, दुसरीत त्याखालोखाल आणि पहिलीत सर्वांत कमी होती. म्हणजे मृत्युदराचा जो क्रम, तोच रक्तातील दाहाचा क्रम. आता मिशिगनचा हिशेब पुन्हा पाहा. त्यांनी पांढऱ्या पेशी आणि अल्ब्युमिन हिशेबात घेतल्यावर वाणाचा परिणाम नाहीसा झाला. परंतु वाण जर दाह वाढवूनच मारत असेल, तर दाह बाजूला काढल्यावर वाणाच्या हाती काय उरणार? महाविद्यालयाच्याच उदाहरणात सांगायचे तर, एखादे महाविद्यालय विद्यार्थ्यांना रोज वर्गात बसायला लावते आणि म्हणून त्याचा निकाल चांगला लागतो. तुम्ही 'सारखी हजेरी असलेल्या' विद्यार्थ्यांचीच तुलना केलीत तर त्या महाविद्यालयाचे श्रेय नाहीसे होईल. ते खोटे होते म्हणून नव्हे, तर ज्या वाटेने ते निकालापर्यंत पोचले ती वाटच तुम्ही पुसली म्हणून.

हे संख्याशास्त्राचे कूट वाटेल, पण त्याचा व्यवहारात उपयोग आहे. दोन्ही अभ्यासांकडे एकत्र पाहिले की असे दिसते की वाण हा पुष्कळ रुग्णांच्या सरासरीत दिसणारा धोका आहे. एखाद्या साथीचा अंदाज घेण्यासाठी, कोठे लक्ष द्यावे हे ठरविण्यासाठी तो कामाचा आहे. पण खाटेवरील एका रुग्णाचे काय होणार हे सांगण्यासाठी त्याच्या रक्ताची तपासणी, लघवीचे प्रमाण, पोटाची फुगवट आणि वय हेच अधिक उपयोगी पडते. ०२७ झालेल्यांपैकी ८० टक्के चौदा दिवसांनंतर जिवंत होते, हेही त्याच अभ्यासातील सत्य आहे. शिवाय वाण ठरविण्याची तपासणी येईपर्यंत रुग्णाचा निकाल बहुधा लागलेला असतो.

वाण कोणी निवडला?

या विषयातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आता येतो. २००७ नंतर इंग्लंडमध्ये हा आजार झपाट्याने कमी झाला. तो का कमी झाला याची उत्तरे अनेक होती: हात धुण्याच्या मोहिमा, वॉर्डांची सफाई, रुग्णांना वेगळे ठेवणे. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्याच संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला. सफाईमुळे आजार कमी झाला असेल तर सर्वच वाण सारख्या प्रमाणात कमी व्हायला हवेत, कारण साबण आणि झाडू जंतूचा क्रमांक विचारत नाहीत. प्रत्यक्षात काय झाले? फ्लुओरोक्विनोलोनला न जुमानणारे वाण ऑक्सफर्डशायरमध्ये ६७ टक्क्यांवरून सुमारे ३ टक्क्यांवर आले. त्या औषधाने मरणारे वाण मात्र होते तेवढेच राहिले. याच काळात रुग्णालयांनी फ्लुओरोक्विनोलोनचा वापर आटोक्यात आणला होता. औषधाचा आधार गेला आणि ०२७ चे राज्य गेले.

म्हणजे ज्याला आपण जंतूचा स्वभाव म्हणत होतो, त्याला मोठे करण्यात माणसाच्या औषधवापराचा हात होता. ०२७ हा वाण १९८० च्या दशकातही युरोपात होता. तेव्हा त्याने साथ पसरवली नव्हती. औषधाला दाद न देण्याचा गुण त्याला मिळाला आणि ते औषध आपण सर्रास वापरू लागलो, तेव्हा तो पसरला.

याच संशोधकांच्या गटाने २०१३ मध्ये आणखी एक धक्का दिला होता. १,२०० हून जास्त रुग्णांच्या जंतूंचे संपूर्ण जनुकवाचन केल्यावर जवळजवळ ४५ टक्के जंतू आधीच्या कोणत्याही रुग्णाच्या जंतूशी जुळत नव्हते. शेजारच्या खाटेवरून लागण होते हे खरे, पण नेहमी तसेच होत नाही. कित्येकदा जंतू रुग्णाच्या सोबतच आत येतो आणि रुग्णालयातील प्रतिजैविक त्याला दार उघडून देते.

आपल्याकडील स्थिती

भारतात हा आजार नाही, असा एक समज बरीच वर्षे होता. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी, दिल्लीच्या एम्सने आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तो खोडून काढला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनीही २०११ मध्ये आपल्या रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. चंडीगडच्या अभ्यासात ०२७ नव्हे, तर ००१ आणि ०१७ हे वाण पुढे आले. यांपैकी ०१७ कडे आशियातील डॉक्टरांचे विशेष लक्ष आहे. हा वाण 'ए' विष बनवतच नाही, केवळ 'बी' बनवतो, आणि तरीही माणसाला मारू शकतो. केवळ 'ए' विष शोधणारी जुनी चाचणी वापरली तर तो निसटतो. पाश्चात्त्य पुस्तकातील महाजंतू आपल्याकडे नाही म्हणून निश्चिंत राहता येत नाही, ते यामुळे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. जुलाब म्हटले की मेट्रोनिडाझोलची गोळी घेण्याची सवय घराघरांत आहे. ही गोळी डिफिसिलवरही काही प्रमाणात चालते. त्यामुळे सौम्य आजार न ओळखताच दबतो आणि गंभीर आजार मात्र उशिरा कळतो. गंभीर रुग्णाला तोंडावाटे दिले जाणारे व्हॅन्कोमायसिन लागते, आणि शक्य असल्यास आधीचे प्रतिजैविक थांबवावे लागते. तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिन औषधांचा समावेश असलेली 'एच-१' ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून लागू झाली. चिठ्ठीशिवाय ती औषधे द्यायची नाहीत आणि दुकानदाराने विक्रीची वेगळी नोंद ठेवायची, असा नियम आहे. आपल्या गावातील दुकानावर तो किती पाळला जातो हे वाचकांनी स्वतः पाहावे.

वर्गात काय शिकवावे?

वाणांचे क्रमांक पाठ करून घेण्याची काही गरज नाही. मात्र एक गोष्ट प्रात्यक्षिकासह शिकवलीच पाहिजे. अल्कोहोलच्या सॅनिटायझरने डिफिसिलचे बीजाणू मरत नाहीत. करोनाच्या काळापासून आपल्या विद्यार्थ्यांना बाटलीतील दोन थेंब चोळण्याची इतकी सवय झाली आहे की तेवढ्याने हात स्वच्छ झाले असे त्यांना वाटते. जुलाबाच्या रुग्णाचे बेडपॅन उचलल्यावर साबण आणि वाहते पाणी हवेच, हातमोजे घातले असले तरीही. साबण बीजाणूंना मारत नाही, पण चोळून धुवून काढतो. खाटेचा कठडा, बेडपॅन, संडासाची कडी यांवर बीजाणू महिनोन् महिने टिकतात. तेथे फिनाईलच्या वासावर समाधान न मानता रुग्णालयात ठरवून दिलेल्या प्रमाणातील हायपोक्लोराइटचे द्रावण वापरावे.

दुसरी गोष्ट विचारण्याची आहे. रुग्णालयातून सुटल्यावर चार आठवड्यांच्या आत सुरू झालेला हा आजारही रुग्णालयाशी संबंधित धरला जातो. ज्या रुग्णालयातून तो आला तेथे त्याची नोंद होत नाही, कारण रुग्ण तोपर्यंत बदनावरच्या घरी असतो. म्हणून आपल्या विद्यार्थ्याने जुलाबाच्या रुग्णाच्या घरच्यांना काय खाल्ले, कोठले पाणी प्यायले हे विचारावेच, पण त्याबरोबर आणखी विचारावे: गेल्या महिन्यात रुग्णालयात होता का, कोणती गोळी किंवा इंजेक्शन चालू होते, ते किती दिवस दिले, आणि ताप व पोटफुगी आहे का. मिळालेली उत्तरे आणि औषधाची रिकामी पट्टी सोबत घेऊन रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवावे. जुलाब थांबवणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये.

त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या आठवड्यात हे सर्व सांगितले. तिने वहीत लिहून घेतले आणि विचारले, "म्हणजे सर, ती आयसीयूतली बाई कोणत्या वाणाची होती ते कधी कळणारच नाही?" नाही, कळणार नाही. पण तिला आधी कोणते प्रतिजैविक आणि किती दिवस दिले होते, हे तिच्या केसपेपरवर लिहिलेले असणार.